जुनी चांदी-सोन्याची नाणी जमवताना : पैसे नेमके कशाचे मोजतोय?

मारिया थेरेसा थॅलर हे मोठं, देखणं चांदीचं नाणं आहे. ऑस्ट्रियाच्या या सम्राज्ञीचा चेहरा, भरदार खांदा, मागच्या बाजूला दुतोंडी गरुड आणि खाली १७८० हे साल. पहिल्यांदा हातात घेतलं की वाटतं, अडीचशे वर्षांचा इतिहास तळहातावर आला. प्रत्यक्षात ते नाणं तुमच्या जन्मानंतर पाडलेलं असू शकतं. सम्राज्ञी १७८० मध्येच वारली, पण तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना हेच नाणं हवं होतं. म्हणून साल तेच ठेवून ते पुढेही पाडत राहिले. व्हिएन्नात तर पाडलंच, शिवाय रोम, लंडन, पॅरिस, ब्रसेल्स आणि मुंबईच्या टांकसाळींतही. हे नाणं खोटं नाही. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, सगळं चोख. पण ते इतिहासाच्या भावात घेतलं तर तुम्ही फसलात आणि चांदीच्या भावात घेतलं तर सौदा उत्तम झाला.

जुन्या मौल्यवान नाण्याला दोन किमती असतात. एक त्यातल्या धातूची आणि दुसरी ते नाणं असण्याची. कोणत्या किमतीचे किती पैसे आपण मोजतोय, हे घेताना कळलं पाहिजे. खाली जे सांगतोय ते बहुतेक त्यासाठीच.

आधी धातूचा हिशोब

वजन गुणिले कस, एवढंच सूत्र आहे. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम आणि चांदी ९० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. बाजारभाव बहुतेक ठिकाणी ट्रॉय औंसात सांगतात आणि एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. भागाकार केला की मॉर्गनमध्ये सुमारे ०.७७ औंस चांदी निघते. ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅमचं आणि २२ कॅरेटचं. त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. फ्रान्सचं २० फ्रँकचं सोन्याचं नाणं ६.४५ ग्रॅम, कस ९०० (म्हणजे हजारात ९०० भाग शुद्ध) आणि शुद्ध सोनं ५.८१ ग्रॅम.

हा शेवटचा आकडा पाठच करा, कारण तो एकट्या फ्रान्सचा नाही. १८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी लॅटिन मुद्रासंघ केला, पुढे ग्रीसही त्यात आला. सगळ्यांनी नाण्यांची वजनं आणि कस एक केले. त्यामुळे इटलीचे २० लिरा आणि स्वित्झर्लंडचे २० फ्रँक ६.४५ ग्रॅमचेच भरतात. चांदीचे ५ फ्रँक सगळीकडे २५ ग्रॅम, ९०० कसाचे. एक आकडा लक्षात ठेवला की पाच देशांची नाणी तोलता येतात.

कस मात्र काळाबरोबर घसरत गेला आहे आणि नवखे इथेच चुकतात. ब्रिटनची चांदीची नाणी १९१९ पर्यंत ९२५ कसाची होती, १९२० पासून ५०० झाली आणि १९४७ पासून चलनी नाण्यांतून चांदी गायबच झाली. १९१९ आणि १९२१ चे हाफ क्राऊन शेजारी ठेवले तर आकार-वजन सारखं, पण एकात चांदी दुसऱ्याच्या निम्मी. कॅनडाने १९२० मध्ये ९२५ वरून ८०० वर उडी मारली. अमेरिकेत १० सेंट आणि पाव डॉलर १९६४ पर्यंत ९०० कसाचे होते, नंतर त्यांतली चांदी काढली. अर्ध्या डॉलरमध्ये मात्र १९७० पर्यंत ४० टक्के राहिली. सालाकडे न बघता 'जुनी चांदी' म्हणून ढिगातून उचलणाऱ्याला हा फरक घरी गेल्यावर कळतो.

पुनर्मुद्रित नाणी एकट्या थॅलरपुरती नाहीत. ऑस्ट्रियाचे १९१५ सालाचे डुकाट आणि १०० कोरोना, मेक्सिकोचे १९४७ सालाचे ५० पेसो ही सरकारी टांकसाळींनी जुनंच साल ठेवून पुढेही पाडलेली नाणी आहेत. फ्रान्सच्या कोंबड्याच्या चित्राच्या २० फ्रँकवर १९०७ ते १९१४ मधलं साल असेल, तर ते १९५० च्या दशकात पाडलेलं असण्याची चांगलीच शक्यता असते. त्यांचा रंग मूळ नाण्यांपेक्षा जरा तांबूस दिसतो. ही सगळी सोनं म्हणून उत्तम. विक्रेता 'शंभर वर्षांपूर्वीचं' म्हणून वर पैसे मागू लागला, तर ते देऊ नका.

काय जमवायचं?

'जगातली जुनी नाणी' हा विषय म्हणजे समुद्र आहे. काठ धरूनच उतरायचं. कोणी एकच देश घेतो, कोणी एकच राजा, तर कोणी जहाजं किंवा घोडे असलेली नाणी. मी नव्या माणसाला नेहमी एकच सुचवतो : प्रत्येक देशाचं एक, पहिल्या महायुद्धाआधीचं मोठं चांदीचं नाणं. ३७ ते ४१ मिलिमीटरची, २५ ते २८ ग्रॅमची ही नाणी 'क्राऊन' आकाराची म्हणून ओळखतात. मेक्सिकोचे ८ रिआल, फ्रान्सचे ५ फ्रँक, जपानचा येन, अमेरिकेचा डॉलर, जर्मनीचे ५ मार्क. आकार मोठा असल्यामुळे बारकावे साध्या भिंगातून दिसतात, खोटेपणा लवकर उघडा पडतो आणि चूक झाली तरी निदान चांदीचे पैसे वसूल होतात. शिवाय ही सगळी नाणी एकमेकांची भावंडं आहेत. स्पेनच्या ८ रिआलच्या वजनावरूनच अमेरिकेचा डॉलर ठरला आणि अमेरिकेत १८५७ पर्यंत स्पॅनिश डॉलर, म्हणजे हेच ८ रिआल, कायदेशीर चलन म्हणून चालत होते. जपानचा चांदीचा येनही पूर्वेकडे फिरणाऱ्या मेक्सिकन डॉलरच्या तोडीचा ठेवला होता.

सोनं दुसऱ्या टप्प्यावर घ्या. सोन्याच्या नाण्यात किमतीचा मोठा भाग धातूच असतो, म्हणून अनेकांना ते सुरक्षित वाटतं. पण नाणी लहान, बारकावे सूक्ष्म आणि एका चुकीची किंमत जबर. ग्रीक-रोमन नाणी तर अगदी शेवटी. अथेन्सचं घुबडाचं १७.२ ग्रॅमचं चांदीचं नाणं कोणाला नको असतं? पण हाताने ठोकलेल्या नाण्यात प्रत्येक नग वेगळा असतो. वजन-व्यासाचा सरळ हिशोब तिथे लागत नाही आणि डोळा तयार होईपर्यंत खरं-खोटं ओळखण्याचा भरवसा नसतो.

साहित्य

०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा आणि तो तपासायला एक प्रमाणित वजन. व्यास मोजायला व्हर्निअर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकचा, धातूचा जबडा ओरखडे पाडतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्याहून जास्त शक्तीचं सुरुवातीला नको, प्रत्येक नाणं भयंकर दिसायला लागतं. एकाच बाजूने प्रकाश टाकणारा टेबल लॅम्प आणि एक निओडिमियम चुंबक, म्हणजे छोटा पण खूप ताकदवान चुंबक. खाली अंथरायला जाड मऊ कापड, कारण नाणं हातातून निसटतंच, आणि फरशीवर पडलं की कडेला कायमचा खड्डा.

नाणं वाचणं

नाणं नेहमी कडेने धरायचं, दर्शनी भागावर बोट टेकवायचं नाही. आणि वाचायचं म्हणजे खरोखर अक्षर अक्षर वाचायचं. मेक्सिकोत पाडलेले १७९५ चे ८ रिआल घेऊन बघू. दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती लॅटिनमध्ये 'कारोलस चौथा, देवाच्या कृपेने', खाली साल. पलटलं की मुकुट, ढाल, दोन्ही अंगांना खांब, आणि 'स्पेन व इंडीजचा राजा' या शब्दांनंतर चार-पाच बारीक चिन्हं. बहुतेक लोक ती नक्षी समजून सोडून देतात. खरं तर नाण्याचा पत्ता तिथेच आहे. एम अक्षरावर छोटा ओ म्हणजे मेक्सिकोची टांकसाळ, '८ आर' म्हणजे आठ रिआल, आणि एफ व एम ही कस तपासून जबाबदारी घेणाऱ्या दोन पारखींची आद्याक्षरं. दक्षिण अमेरिकेतल्या लिमा आणि पोतोसी इथल्या टांकसाळींच्या नाण्यांवर त्यांची वेगळी एकत्र गुंफलेली अक्षरं असतात. साल, टांकसाळ आणि पारखी यांचा मेळ बसत नसेल, तर नाणं संशयित. नकली पाडणाऱ्यांचा अभ्यास इथे नेहमी कच्चा पडतो.

याच नाण्यांवर कधीकधी बारीक चिनी अक्षरांचे ठसे दिसतात. चीनमधले सराफ नाणं तपासलं की आपली खूण ठोकत. काहींना ती खराबी वाटते, काही मुद्दाम तशीच नाणी शोधतात. मी दुसऱ्या गटातला. असं नाणं महासागर ओलांडून गेल्याची नोंद स्वतःच्या अंगावर बाळगतं.

टांकसाळीचं चिन्ह कुठे शोधायचं हे प्रत्येक मालिकेत वेगळं. मॉर्गन डॉलरवर ते मागच्या बाजूला, पुष्पमालेच्या गाठीखाली : सीसी म्हणजे कार्सन सिटी, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. जर्मन साम्राज्याच्या नाण्यांवर ए म्हणजे बर्लिन, डी म्हणजे म्युनिक. पाचव्या जॉर्जच्या सॉव्हरिनवर सालाच्या वरच्या जमिनीच्या रेषेवर एक इवलंसं अक्षर असतं आणि त्यातलं मुंबईचं आय फक्त १९१८ चं. पाचव्या जॉर्जचा मुखवटा, आय अक्षर आणि साल वेगळं, असं कोणी दाखवलं तर पुढे तपासण्याचीही गरज नाही.

साल वाचतानाही फसायला होतं. जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. मेइजी ३८ असेल तर त्यात १८६७ मिळवायचे, १९०५ येतं. चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवायचे, म्हणून अध्यक्ष युआन शिकाय याचा चेहरा असलेल्या डॉलरवरचं 'तिसरं वर्ष' म्हणजे १९१४. तुर्की उस्मानी नाण्यांची रीत न्यारी. त्यांवर सुलतान गादीवर आला ते हिजरी साल छापतात आणि कारकिर्दीचं कितवं वर्ष ते वेगळं देतात. १२९३ आणि २५ असं दिसलं तर नाणं १२९३ चं नव्हे, हिजरी १३१७ चं, म्हणजे इसवी १८९९-१९०० चं. हिजरीवरून इसवी सनाचा अंदाज हवा असेल तर ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. एक गंमत : अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. हे माहीत नसलेल्यांनी लिहिलेली वर्णनं विक्रीच्या पानांवर सर्रास सापडतात. कधीकधी ती घेणाऱ्याच्या फायद्याचीही असतात.

जगभरच्या नाण्यांच्या सूचीत प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक असतो. क्राउझे आणि मिशलर या आडनावांवरून आलेला 'केएम' क्रमांक सर्वात रूढ आहे. नाणं ओळखलं की तो क्रमांक शोधा. त्याखाली ठरलेलं वजन, व्यास, कस आणि कोणत्या साली कोणत्या टांकसाळीत किती नग पाडले ते मिळतं.

खरं की खोटं

माझी एक जुनी चूक सांगतो. अमेरिकेचा ट्रेड डॉलर, १८७३ ते १८८५ दरम्यानचा, मला एका विक्रेत्याने चांदीच्या भावापेक्षाही स्वस्त देऊ केला. नाण्यावर काळपट छटा, अक्षरं झिजलेली, सगळं कसं 'जुनं'. मी काटा सोबत नेला नव्हता. घरी वजन केलं तर २३.४ ग्रॅम, हवं होतं २७.२२. व्यास मात्र बरोबर. चांदीऐवजी तांबं-निकेलचा मिश्रधातू वापरून त्याच आकारात नाणं बसवलं की वजन असंच कमी पडतं. विक्रेत्याने परत घेतलं नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडाने भांडणार? धातूच्या भावाखाली कोणी नाणं विकत असेल तर आधी 'का?' हा प्रश्न विचारायचा, एवढी साधी गोष्ट मोहाने विसरलो होतो.

तर पहिली चाचणी वजनाची. चलनात फिरलेलं नाणं झिजून थोडं हलकं होतं, पण झीज डोळ्यांना दिसते. ठसठशीत नाणं अर्धा ग्रॅम कमी भरलं तर काहीतरी गडबड आहे. वजन जास्त भरणं त्याहून वाईट, कारण नाणं झिजून जड होत नाही.

दुसरी चाचणी क्षणात होते आणि नवशिके ती हमखास विसरतात. नाणं वरच्या-खालच्या टोकाला धरून उभ्या अक्षावर फिरवा. अमेरिकन आणि फ्रेंच जुन्या नाण्यांची मागची बाजू अशी फिरवल्यावर उलटी दिसते, विसाव्या शतकातल्या ब्रिटिश नाण्यांची सुलटी. सुलटा दिसणारा मॉर्गन डॉलर असेल तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे चला.

मग कड बघा. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला कडेभोवती जोडाची बारीक रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे असतात, अक्षरांचे कोपरे मेणासारखे वितळलेले दिसतात. ठसा ठोकून पाडलेल्या नाण्यात अक्षर जमिनीपासून तुटक, सरळ उठतं. राजाच्या मुखवट्याच्या ८ रिआलच्या कडेवर वर्तुळ आणि आयत अशी एकाआड एक नक्षी असते. ती दोन पट्ट्यांनी उमटवलेली असल्यामुळे समोरासमोरच्या दोन ठिकाणी जरा एकमेकांवर चढलेली सापडते. सगळीकडे सारखी, अगदी नीटनेटकी नक्षी दिसली तर शंका घ्या.

सर्वात भरवशाची घरगुती चाचणी पाण्याची. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याच्या फासात अडकवून पूर्ण बुडेल असं पाण्यात सोडा. तळाला किंवा बाजूंना ते लागता कामा नये. काट्यावर आता जो आकडा दिसेल, तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. नाण्याचं वजन त्याने भागा, घनता मिळाली. खरा मॉर्गन २६.७३ ग्रॅमचा, आकडा यायला हवा २.५९ च्या आसपास, म्हणजे घनता १०.३. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेलचं नाणं असेल तर काटा ३.० दाखवेल. फरक ढळढळीत आहे. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं, म्हणून पाण्यात अगदी थेंबभर भांडी घासायचा द्रव टाकतो, आणि नंतर नाणं स्वच्छ पाण्याने विसळून टिपून घेतो, पुसत नाही. सॉव्हरिनची घनता १७.६ यायला हवी, पण आकडा ०.४५ असा छोटा येतो आणि काट्याचा एक शतांश इकडेतिकडे झाला तरी उत्तर १७.४ ते १८.२ पर्यंत हलतं. सोन्यासाठी चाचणी पाच वेळा करून सरासरी घ्या. पितळेवर मुलामा दिलेलं नाणं इतक्या चुकीतूनही सुटत नाही, पितळेची घनता साडेआठच्या आसपास असते.

चुंबकाला चांदी-सोनं चिकटत नाही, चिकटलं तर विषय संपला. नाणं तिरपं धरून त्यावरून निओडिमियम चुंबक सोडला तर चांदीवरून तो मंदपणे, जणू मधातून जावा तसा सरकतो. तांब्यावरही तसाच सरकतो, त्यामुळे ही चाचणी नापास करायला उपयोगी, पास करायला नाही. खणखणाट ऐकायची पद्धतही चांगली, फक्त ती दुसऱ्याच्या नाण्यावर करू नका आणि चमकदार नाण्यावर तर मुळीच नको.

आता अवघड भाग. काही नकली सॉव्हरिन खऱ्या सोन्याचीच आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला नुसत्या सोन्यापेक्षा बरेच जास्त पैसे मिळत होते, म्हणून लोकांनी योग्य कसाचं सोनं घेऊन नाणी पाडली आणि वरचा फरक खिशात घातला. वजन, घनता सगळं बरोबर येतं. तिथे फक्त डोळा आणि तुलना उपयोगी : मागच्या बाजूवरच्या सेंट जॉर्जच्या घोड्याचे स्नायू गुळगुळीत, अक्षरं गुबगुबीत, कडेच्या रेघा असमान. खात्रीचं एक सॉव्हरिन शेजारी ठेवून बघितलं की फरक जाणवतो, आठवणीवर विसंबून नाही. दुसरा प्रकार म्हणजे खऱ्या नाण्यावर टांकसाळीचं अक्षर चिकटवणं. १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉर्गनचे फक्त एक लाख नग पाडले गेले, म्हणून फिलाडेल्फियाच्या १८९३ वर एस डकवतात. भिंगाखाली अक्षराच्या पायाशी जोड, डिंकाचा अंश किंवा भोवतीच्या पृष्ठभागावर वेगळा रंग दिसतो का ते बघायचं.

दिव्याखाली अर्धा मिनिट

नाणं खरं ठरलं की प्रश्न दर्जाचा. दिवा एका बाजूला ठेवा, बाकीचे विझवा आणि नाणं सावकाश कलवत फिरवा. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरतात. ठसा दाबताना धातू केंद्राकडून कडेकडे वाहतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे हे होतं. हीच मूळ झळाळी आणि ती एकदा गेली की परत आणता येत नाही. घासून चकचकीत केलेलं नाणंही चमकतं, पण ती चमक मेलेली, सगळीकडे सपाट. कलवताना एकाच दिशेच्या केसासारख्या असंख्य रेघा उजळतात.

उंच भागांवर झीज आधी दिसते. मॉर्गनवर कानावरचे केस आणि गरुडाची छाती. इथे एक खोच आहे : न्यू ऑर्लिन्सचे डॉलर पुष्कळदा मुळातच कमजोर ठोकलेले असतात, कानावरचे केस पहिल्या दिवसापासून सपाट. झीज आणि कमजोर ठसा यांत फरक कसा करायचा? सपाट भागावरही झळाळी फिरत असेल तर ठसा कमजोर, तो भाग करडा-मंद असेल तर झीज.

सोन्याच्या नाण्यात वरची कड, बाराच्या ठिकाणी, भिंगाने नक्की बघा. दागिन्यात बसवलेल्या नाण्याला तिथे डाख लावल्याची किंवा कानस मारल्याची खूण राहते. असं नाणं फक्त धातूच्या भावात घ्यायचं.

दर्जासाठी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ची मोजपट्टी आज जगभर चालते. साठपासून पुढे म्हणजे चलनात न फिरलेलं. पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून, या दोन अमेरिकन संस्था नाणी तपासून, दर्जा देऊन प्लास्टिकच्या बंद डबीत देतात. महाग नाणं घेताना अशी डबी असावी, असं माझं मत. पण डब्यांच्याही नकला होतात. क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी जुळवा, ओरखडान् ओरखडा. साध्या, मुबलक नाण्याला डबी लागत नाही, तपासणीचा खर्च नाण्यापेक्षा जास्त होतो.

खरेदी

विक्रेता परत घेण्याची लेखी हमी देतो का, हा पहिला प्रश्न. फक्त एकाच बाजूचा, अंधुक फोटो असेल तर विषय सोडा. लिलावात बोलीवर ग्राहकाचं शुल्क लागतं, पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास, वर टपाल, विमा, सीमाशुल्क. खिशात १०० असतील आणि शुल्क २० टक्के असेल तर बोली ८३ वर थांबवायची, तीही टपालाचा खर्च धरण्याआधी. हा आकडा लिलावापूर्वी कागदावर लिहून ठेवा. बोली तापल्यावर डोकं चालत नाही.

त्याच प्रकारच्या नाण्याला मागच्या काही लिलावांत प्रत्यक्षात काय मिळालं ते शोधा. विक्रेते मागतात ती किंमत म्हणजे इच्छा, लिलावात मिळालेली म्हणजे बाजार. त्यातून धातूचा भाव वजा करा. उरलेला आकडा कशासाठी देतोय, याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे : साल दुर्मिळ आहे, झळाळी मूळ आहे, टांकसाळ हवी होती. उत्तर आलं नाही तर मी घेत नाही.

प्राचीन नाण्यांच्या बाबतीत मालकीचा इतिहास मागा. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार आहे आणि अनेक देशांत जुनी नाणी बाहेर न्यायला किंवा आत आणायला परवाना लागतो. दोन्ही देशांचे नियम पैसे देण्याआधी बघा. जुन्या लिलावाची पावती किंवा छापील नोंद असेल तर थोडे जास्त पैसे देणं परवडतं.

धुणं, पुसणं, ठेवणं

नाणी घासायची नाहीत. टूथपेस्ट, खायचा सोडा, चिंच, लिंबू, पॉलिशचं कापड, काहीही नाही. चांदीवरची काळपट किंवा इंद्रधनुषी छटा म्हणजे गंधकाशी झालेल्या संयोगाचा पातळ थर. बाजार त्याला दोष मानत नाही, उलट सुंदर छटेला वर पैसे मिळतात. एकच अपवाद : मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि तो हळूहळू धातू खातो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून काढता येतो. काचेची वाटी, उघडी खिडकी, जवळपास ज्योत नको. नखांचं पॉलिश काढायचा द्रव चालत नाही, त्यात तेल-सुगंध असतात. काढल्यावर ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवा, ऊर्ध्वपातित पाण्याने विसळा, मऊ कागदावर टिपा.

ठेवायला मायलारची (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मची) पाकिटं किंवा घट्ट प्लास्टिकच्या गोल कॅप्सूल. पिनांनी टाचलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून नाणं काढताना आधी सगळ्या पिना काढा. किती चांगली नाणी त्या टोकाने ओरखडली गेली आहेत, त्याची गणती नाही. रबरबँड, लोकर, साधा पुठ्ठा आणि ओकच्या लाकडाचे खण चांदीपासून दूर ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती ओलावा धरून बसली की बदला.

आणि वही ठेवा, संगणकावर असली तरी चालेल. प्रत्येक नाण्याला एक ओळ : केएम क्रमांक, साल, टांकसाळ, स्वतः केलेलं वजन आणि व्यास, कोणाकडून, कधी, किती दिले, त्या दिवशी धातूचा भाव किती होता. दोन्ही बाजूंचे आणि कडेचाही फोटो. विम्याला, वारसांना आणि विकताना हीच नोंद कामी येते. फक्त तिची प्रत नाण्यांच्या डब्यात ठेवू नका. डबा चोरीला गेला तर चोराच्या हाती किमतींची यादी आयती पडायला नको.